प्राणायाम : कोणी कोणता करावा आणि कोणी टाळावा?

"डॉक्टर, रोज प्राणायाम करतोय. आता बीपीची गोळी बंद केली तर चालेल ना?" हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर ऐकायला मिळतो. काही जण विचारतही नाहीत, परस्पर गोळी बंद करतात. असेच एक काका डोके दुखते म्हणून आले होते. महिनाभर रोज अर्धा तास कपालभाती चालू होती आणि गोळी बंद. बीपी निघाले १८०/११०.

प्राणायाम उपयोगी आहेच. मात्र तो औषधाच्या जोडीने करायचा असतो, औषधाऐवजी नाही. शिवाय आपल्या आजाराला मानवणारा प्रकार निवडावा लागतो.

प्राणायाम म्हणजे काय?

पतंजलींच्या अष्टांग योगात प्राणायाम हे चौथे अंग आहे. श्वास आत घेणे म्हणजे पूरक, बाहेर सोडणे म्हणजे रेचक आणि रोखून धरणे म्हणजे कुंभक. अनुलोम-विलोम आणि भ्रामरीमध्ये श्वास संथ होतो. भस्त्रिका आणि कपालभातीमध्ये तो वेगवान व जोरकस असतो. हठप्रदीपिकेत तर कपालभाती ही शुद्धिक्रियांमध्ये मोजली आहे, प्राणायामात नाही.

या क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आपल्या महाराष्ट्रातही झाला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम संस्था स्थापन केली आणि क्ष-किरण व रक्तदाब मापनाच्या साहाय्याने योगक्रिया तपासल्या.

शरीरात काय घडते?

विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. श्वास संथ करून उच्छ्वास लांबवला की व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो, ठोके मंदावतात आणि शरीर ताणाच्या अवस्थेतून बाहेर येते.

"प्राणायामाने रक्तातला ऑक्सिजन खूप वाढतो" हा मात्र गैरसमज आहे. निरोगी माणसाच्या रक्तात तो मुळातच ९५ टक्क्यांच्या वर असतो. उलट फार वेगाने श्वास घेतल्यास कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. ती "शक्ती जागृत झाल्याची" खूण नव्हे.

कोणाला फायदा होतो?

- उच्च रक्तदाब : संथ श्वसनाच्या नियमित सरावाने बीपी थोडे कमी होऊ शकते. गोळी कमी करायची की नाही, हे नोंदी पाहून डॉक्टर ठरवतील.
- ताण, चिंता, झोपेच्या तक्रारी : झोपण्यापूर्वी दहा मिनिटे केलेल्या संथ श्वसनाने अनेकांना बरे वाटते.
- दमा : त्रास नसलेल्या काळात सराव केल्यास श्वासावर ताबा येतो, घाबरणे कमी होते. पण दम्याचा झटका आल्यावर आधी पंप घ्यायचा. तेव्हा प्राणायाम करत बसू नका.

सुरुवात कशी करावी?

पोट रिकामे असावे किंवा जेवून तीन तास झालेले असावेत. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर ताठ बसा. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने चार आकडे मोजत श्वास घ्या. अनामिकेने डावी बंद करून उजवीने सहा आकडे मोजत सोडा. मग उजवीने घेऊन डावीने सोडा. हे एक आवर्तन झाले. मोजणी सेकंदाच्या गतीने ठेवली तर मिनिटाला सहा श्वास होतात. धाप लागत असेल तर आकडे कमी करा. श्वास रोखू नका. पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवा. सर्दीने नाक बंद असेल त्या दिवशी नाकपुडी न दाबता नुसता संथ श्वास घ्या.

कोणी काय टाळावे?

- आटोक्यात नसलेले बीपी, हृदयविकार, फिट्स, हर्निया, काचबिंदू, पोटाची किंवा डोळ्याची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया : कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक टाळा.
- गरोदरपण : जोरकस प्रकार आणि श्वास रोखणे नको. साधे संथ श्वसन डॉक्टरांना विचारून करता येते.
- मासिक पाळी : पोटाला झटके देणारे प्रकार त्रासदायक वाटले तर ते दिवस सोडून द्या.

लगेच थांबा आणि मदत घ्या

छातीत दुखणे किंवा दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, बोलता येणार नाही एवढी धाप, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातली शक्ती जाणे, यापैकी काहीही झाले तर "थोडे पडून राहतो, बरे वाटेल" असे म्हणू नका. घरच्यांनी ताबडतोब रुग्णालयात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

त्या काकांची गोळी पुन्हा सुरू केली, कपालभाती थांबवून अनुलोम-विलोम सांगितला आणि बीपीची वही ठेवायला लावली. तुम्हीही तेवढे करा. सराव रोज करा, गोळी वेळेवर घ्या आणि पुढच्या तपासणीला येताना ती वही सोबत आणा.