पडद्यावरची सूज आणि स्वस्त कुपीचा प्रश्न

वारज्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पुण्याच्या अनेक भागांना पाणी जाते. जमिनीखालच्या जलवाहिनीचा एखादा सांधा ढिला झाला तर वाहिनी फुटत नाही; पाणी नुसते झिरपत राहते, भोवतीची माती फुगते आणि काही दिवसांनी वरचा रस्ता उचलला जातो. मधुमेह असलेल्या माणसाच्या डोळ्यात नेमके असेच घडू शकते.

डोळ्याच्या आतल्या बाजूस दृष्टिपटल असते. बोलताना आपण त्याला डोळ्याचा पडदा म्हणतो. त्याच्या मध्यभागी पीतबिंदू हा लहानसा भाग आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही बारीक कामे याच भागाच्या जोरावर होतात. पडद्यातील केशवाहिन्यांच्या भिंतींच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की हे सांधे सैल होतात. रक्तातील पाणी, प्रथिने आणि मेद बाहेर झिरपतात व पीतबिंदू सुजतो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. फक्त अक्षरे पुसट होतात, सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी समजूत करून घेऊन माणूस काही महिने घालवतो.

या सुजेवर पहिला खात्रीचा उपाय लेसर किरणांचा होता. १९८५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले की, गळणाऱ्या जागांवर लेसरचे सूक्ष्म डाग दिल्यास दृष्टी बरीच कमी होण्याचा धोका जवळजवळ निम्मा होतो. परंतु गेलेली दृष्टी लेसरने क्वचितच परत येई. गळती कोणत्या कारणाने होते हे कळल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते.

त्या कारणाचा माग डोळ्यापासून बराच दूर लागला. १९४८ साली आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने तर्क केला होता की, पडद्याला प्राणवायू कमी पडला की तेथून एखादे द्रव्य पाझरते व ते नव्या रक्तवाहिन्या वाढवते. ते द्रव्य कोणते, हे पुढची चाळीस वर्षे अज्ञातच राहिले. १९८३ मध्ये बोस्टनमध्ये हॅरॉल्ड ड्व्होरॅक आणि डोनाल्ड सेंगर हे गिनीपिगच्या पोटातील गाठींमुळे पोटात पाणी का साचते याचा शोध घेत होते. गाठीतील पेशी एक प्रथिन सोडतात आणि त्यामुळे रक्तवाहिन्या गळू लागतात, असे त्यांना आढळले. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील जेनेनटेक कंपनीत नेपोलियन फेरारा यांनी गाईच्या पीयूषिका ग्रंथीच्या पेशींपासून रक्तवाहिन्या वाढवणारे एक प्रथिन वेगळे केले. दोन्हींची रचना ताडून पाहिली तेव्हा गळवणारे आणि वाढवणारे प्रथिन एकच निघाले! त्याला आज 'व्हीईजीएफ' म्हणतात. १९९४ साली मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात हेच प्रथिन वाढलेले सापडले, आणि मायकेलसनच्या तर्काला आधार मिळाला.

यापुढची पायरी म्हणजे या प्रथिनाला पकडून ठेवणारे प्रतिपिंड. फेरारा यांच्या कामातून तयार झालेले 'बेव्हॅसिझुमॅब' हे प्रतिपिंड २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. डोळ्यासाठी त्याच कंपनीने तशाच प्रतिपिंडाचा लहान तुकडा, 'रॅनिबिझुमॅब', विकसित करायला घेतला होता. तो बाजारात येण्याआधीच, २००५ साली, मायामीचे फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाच्या औषधाचा एक थेंब दोन रुग्णांच्या डोळ्यांत टोचून पाहिला. त्यांपैकी एकाच्या पडद्यातील शीर तुंबून पीतबिंदू सुजला होता. दोघांचीही सूज उतरली. थोड्याच काळात जगभरचे डॉक्टर तसे करू लागले. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब मंजूर झाले तेव्हा अमेरिकेत त्याच्या एका इंजेक्शनची किंमत सुमारे २००० डॉलर होती. बेव्हॅसिझुमॅबचा डोळ्यापुरता डोस सुमारे ५० डॉलरला पडे.

याचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. कर्करोगासाठीच्या लहान कुपीत ४ मिलिलिटर औषध असते आणि डोळ्याला लागते ०.०५ मिलिलिटर. म्हणजे कागदावर एका कुपीचे ८० डोस झाले.

आता प्रश्न असा की, स्वस्त औषध महागाइतकेच गुणकारी आहे काय? दोन्ही औषधे एकाच कंपनीची असल्यामुळे तिला ही तुलना करण्याचे कारण नव्हते. अखेर अमेरिकेत सरकारी पैशाने चाचण्या झाल्या. २०११ मध्ये, वार्धक्यात होणाऱ्या पीतबिंदूच्या विकारात, दोन्ही औषधांनी दृष्टीत जवळजवळ सारखाच फरक पडला. मधुमेहाच्या सुजेसाठी २०१५ मध्ये ६६० रुग्णांवर तीन औषधे ताडून पाहिली गेली. नजर थोडीच कमी झालेल्यांत तिन्ही सारखी ठरली. जास्त कमी झालेल्यांत 'अफ्लिबरसेप्ट' हे तिसरे, महाग औषध पहिल्या वर्षी सरस ठरले. २०२२ मध्ये यावरही मार्ग मिळाला. अशा रुग्णांना आधी बेव्हॅसिझुमॅब देऊन, गरज पडली तरच अफ्लिबरसेप्टकडे वळले, तर दोन वर्षांनंतरची दृष्टी सुरुवातीपासून महाग औषध घेणाऱ्यांइतकीच असते.

स्वस्त कुपीला जोखीमही आहे. एकाच कुपीतून अनेक डोस काढताना निर्जंतुकता पाळली नाही किंवा कुपीच बनावट निघाली, तर डोळा जाऊ शकतो. गुजरातमध्ये काही रुग्णांना त्रास झाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी डोळ्यासाठी बेव्हॅसिझुमॅब न वापरण्याची सूचना काढली. नेत्रतज्ज्ञांनी बाजू मांडल्यावर मार्चमध्ये ती मागे घेतली गेली. दुसरा मार्ग भारतीय कंपन्यांनी काढला. रॅनिबिझुमॅबचे पहिले समरूप औषध २०१५ मध्ये अहमदाबादच्या इन्टास कंपनीने आणले. २०२२ मध्ये लुपिनच्या अशाच औषधाला मंजुरी मिळाली. लुपिनचे जैवऔषधांचे केंद्र मुळशी तालुक्यात, वारज्यापासून फार दूर नाही.

यातले कोणतेही औषध कायमचे पुरत नाही. साधारण महिनाभरात त्याचा जोर ओसरतो, म्हणून पहिल्या वर्षी अनेकदा टोचावे लागते. पैसे संपले, सोबतीला येणारे कोणी नसले किंवा बरे वाटू लागले म्हणून उपचार मध्येच थांबले, की पडदा पुन्हा सुजतो. म्हणूनच कुपीच्या किमतीचा प्रश्न हा थेट दृष्टीचा प्रश्न आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा प्रत्येक वर्गात असे आजी-आजोबा किंवा आई-वडील असलेली मुले असणारच. आपण शिक्षकांनी त्यांना एवढे सांगावे, की घरात कोणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्या. चष्म्याच्या दुकानातील नंबराच्या तपासणीत पडदा दिसत नाही.