गुणात्मक संशोधनातील नीती : सिंगापूर

मुलाखत, सहवास, निरीक्षण आणि जीवनकथा या मार्गांनी माणसांचे अनुभव समजून घेणाऱ्या संशोधनात संशोधक आणि सहभागी यांच्या नात्याला लागू होणारे नियम व संकेत म्हणजे गुणात्मक संशोधनातील नीती. संमती, गोपनीयता, मोबदला आणि मिळालेल्या माहितीवरचा हक्क हे तिचे नेहमीचे विषय. सिंगापुरात त्यांत आणखी एक भर पडते. तेथे संशोधक आणि सहभागी यांच्यामध्ये बहुधा कोणीतरी तिसरा उभा असतो : मालक, एजन्सी, वसतिगृहाचा चालक किंवा सरकारी खाते.

नियमांची चौकट वैद्यकातून आली. मंत्रिमंडळाने डिसेंबर 2000 मध्ये जैवनीती सल्लागार समिती नेमली. 2004 मध्ये तिने नीती समित्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 2015 मध्ये मानवी जैववैद्यकीय संशोधन कायदा संमत झाला. हा कायदा जैववैद्यकीय संशोधनापुरता आहे. समाजशास्त्रज्ञाच्या मुलाखतींवर देखरेख असते ती सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठ, नान्यांग तंत्रशास्त्र विद्यापीठ यांसारख्या संस्थांच्या नीती समित्यांची. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2012 चा कायदाही सोबतीला असतो. सज्ञानतेचे सर्वसाधारण वय तेथे 21 असल्याने विद्यापीठाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याशी बोलायचे झाले, तरी पालकांच्या संमतीचा प्रश्न समितीपुढे येतो. शहराचे नाव जगभर पोहोचवणारे ‘सिंगापूर निवेदन’ हे संशोधनातील सचोटीवरचे निवेदन 2010 च्या जागतिक परिषदेतून निघाले. त्यात चार तत्त्वे आणि चौदा जबाबदाऱ्या आहेत. मात्र सहभागी व्यक्तीशी असलेल्या नात्याला त्यांत स्वतंत्र कलम नाही. सामाजिक संशोधनाचा वेगळा विचार करण्यात मुंबई थोडी पुढे होती, असे म्हणायला जागा आहे. तेथील ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वे 2000 सालीच तयार झाली होती.

या नीतीची खरी कसोटी लागते ती परदेशी घरकामगार स्त्रियांच्या अभ्यासात. ब्रेंडा यो, शर्लीना हुआंग आदी भूगोलतज्ज्ञांनी हा विषय दीर्घकाळ हाताळला आहे. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमार या देशांतून आलेल्या अडीच लाखांहून अधिक स्त्रिया सिंगापुरात घरकाम करतात. कामाच्या परवान्याच्या अटीनुसार त्यांना मालकाच्याच घरी राहावे लागते. मालकाला प्रत्येकीमागे 5,000 सिंगापूर डॉलरचा जामीन भरावा लागतो आणि तिचा परवाना तो रद्द करू शकतो. घरी मुलाखत ठेवली, तर मालकीण शेजारच्या खोलीत असते. मालकामार्फत निरोप पाठवला, तर नकार द्यायची सोयच उरत नाही. म्हणून संशोधक रविवारी ऑर्चर्ड रस्त्यावरच्या लकी प्लाझात किंवा आसपासच्या हिरवळीवर जातात. मैत्रिणी सतरंजी टाकून बसलेल्या असतात, डबे उघडलेले असतात, घरी पैसे पाठवायचे असतात, मुलांशी फोनवर बोलायचे असते. आठवड्याची सुट्टी कायद्याने 2013 पासून मिळू लागली, पण पैसे देऊन ती भरून काढायची मुभा राहिली. महिन्यातून किमान एक सुट्टी द्यायलाच हवी, हा नियम 2023 मध्ये आला. त्या सुट्टीतला तासभर मागणे हीच मोठी मागणी आहे, संमतीपत्रावर सही घेणे त्यामानाने सोपे. सहीलाही धास्ती असते. ज्या बाईने आजवर केवळ करारावर आणि एजन्सीच्या कर्जाच्या कागदावर सही केली, तिला विद्यापीठाच्या शिक्क्याचा आणखी एक कागद धीर देईलच असे नाही. अशा ठिकाणी समितीची परवानगी घेऊन तोंडी संमती नोंदवणे अधिक योग्य ठरते.

मोबदल्याचा प्रश्न अवघड आहे. काहीच न देणे म्हणजे फुकट राबवून घेणे. जास्त दिले, तर गरजेपोटी होकार येतो, शिवाय ठरलेल्या कामापलीकडची कमाई परवान्याच्या अटींना बाधते की काय, ही भीती सहभागीलाच वाटते. भेटवस्तू किंवा प्रवासखर्च हा रुळलेला मार्ग आहे, पण त्याने प्रश्न सुटतो असे नाही.

बांधकाम मजुरांच्या बाबतीत दार उघडणारा वसतिगृहाचा चालक असतो. 8 डिसेंबर 2013 च्या लिटल इंडियातील दंगलीनंतर या मजुरांवर अभ्यासकांची नजर वाढली. 2020 च्या कोविड साथीत सुमारे तीन लाख मजूर वसतिगृहांत अडकले आणि मुलाखती फोनवर गेल्या. एका खोलीत दहा-बारा जण, दुमजली खाटा. तेथून बोलणारा माणूस मुकादमाबद्दल काय बोलणार? संमतीपत्रात गोपनीयतेची हमी असते, खोलीत ती नसते. पूर्वी ‘होम’ आणि ‘ट्रान्झियंट वर्कर्स काउंट टू’ या मजुरांना मदत करणाऱ्या संघटनांमार्फत विश्वास जुळत असे. तेथेही धोका आहे : ज्यांच्याकडून पगाराच्या तक्रारीत मदत हवी, त्यांनी आणलेल्या पाहुण्याला नाही म्हणणे कठीण जाते.

देश लहान असल्याने नाव बदलून माणूस लपत नाही. समाज जेवढा लहान, तेवढे हे कठीण. तेथील एखाद्या मराठी बाईविषयी नाशिकची, बँकेत नोकरी, रविवारी मुलांना मराठी शिकवते, एवढे तीन तपशील छापले, तर महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला येणारा कोणीही तिला ओळखेल. त्यामुळे व्यवसाय किंवा गाव बदलावे लागते आणि तसे केले, की अभ्यासाचा नेमकेपणा कमी होतो. मौखिक इतिहासाची रीत उलटी. 1979 मध्ये सुरू झालेल्या, आज राष्ट्रीय अभिलेखागाराचा भाग असलेल्या मौखिक इतिहास केंद्रात सांगणाऱ्याचे नाव हेच नोंदीचे मोल असते आणि ध्वनिमुद्रण कोणाला कितपत खुले करायचे, यावर बंधने घालता येतात. समाजशास्त्राने हा पर्याय सरसकट नाकारण्याचे कारण दिसत नाही. काही माणसांना आपले नाव छापून यावे असे वाटते.

नान्यांग विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ तेओ यू येन यांचा ‘धिस इज व्हॉट इनइक्वॅलिटी लुक्स लाइक’ हा 2018 चा निबंधसंग्रह या चर्चेत महत्त्वाचा. गृहनिर्माण मंडळाच्या भाड्याच्या घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडे त्या काही वर्षे जात राहिल्या. आपले सुस्थित जीवन त्यांनी लिखाणातून वगळले नाही. अनेक पद्धतिग्रंथांपेक्षा या पुस्तकातून नात्याची विषमता अधिक स्पष्ट कळते.

गोपनीयतेला कायद्याची मर्यादाही आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 424 नुसार ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती असणाऱ्याने, सबळ कारण नसल्यास, ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. वकिलाला अशिलाच्या बाबतीत जे संरक्षण मिळते, ते संशोधकाला नाही. तेव्हा ‘तुम्ही सांगाल ते माझ्यापाशीच राहील’ असे वचन सिंगापुरातील संशोधकाने देऊ नये. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे मुलाखत सुरू होण्याआधी सहभागीच्या भाषेत सांगणे त्याच्यावर बंधनकारक मानले पाहिजे.