पगाराकडून भाड्याकडे

पगार सोडून घरभाड्यावर जगायचं, हे स्वप्न अमेरिकेत सर्वदूर नेलं १९५९ सालच्या एका पुस्तकाने. लेखक विल्यम निकर्सन टेलिफोन कंपनीतले नोकरदार. हजार डॉलरचे दहा लाख कसे केले, तेही फावल्या वेळात, हे त्यांनी सांगितलं.

रीत सरळ होती. बचतीतून थोडी रक्कम भरायची, बाकीचं कर्ज. जुनाट घर दुरुस्त करायचं, भाडं वाढवायचं, मग त्याच्या बदल्यात मोठी इमारत घ्यायची.

या रीतीला व्यवस्थेचीही साथ होती. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेच्या कर्जविम्याने लांब मुदतीची गृहकर्जं रुळली होती. मालमत्तेच्या अदलाबदलीत करही पुढे ढकलता येई.

पुढे १९८० मध्ये रॉबर्ट अ‍ॅलन या लेखकाने पदरचे पैसे न घालता घरखरेदी शिकवली. निकर्सन यांनी मात्र पगार चालू ठेवूनच सुरुवात केली होती.