पेल्यातली निळाई

संगमेश्वरजवळच्या आमच्या घरात, माजघराच्या कोनाड्यात, एक लाकडी पेला असायचा. बिबळ्याचा. रात्री झोपायच्या आधी आबा, म्हणजे माझे आजोबा, त्यात विहिरीचं पाणी भरून ठेवत आणि सकाळी तोंड धुतलं की चहाच्या आधी पिऊन टाकत. आबांना मधुमेह होता. रात्रभरात पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालेलं असे. पेला नवीन आणला की मात्र आबा एक जास्तीचं काम करत. ते पाणी काचेच्या गिलासात ओतून पडवीच्या उन्हात ठेवत, मागे आपली काळी छत्री उघडत आणि मला हाक मारत, “बघ गो, कडेला निळं दिसतं का?”

दिसायचं. समोरून बघितलं तर पाणी तांबूस, आणि छत्रीच्या काळ्या कापडावर तिरकं बघितलं तर गिलासाच्या कडेने उन्हाच्या बाजूला निळसर साय धरल्यासारखी. “निळं दिसलं म्हणजे लाकूड खरं,” आबा म्हणत. “नाहीतर सुताराने दुसरंच काहीतरी कातून दिलंय.”

पुढे मी रसायनशास्त्र शिकले, रंगद्रव्यांत शिरले आणि तिथून कॅन्सरच्या गाठीपर्यंत औषध नेणाऱ्या, चमकणाऱ्या सूक्ष्म कणांवर काम करू लागले. त्या निळाईला प्रतिदीप्ती म्हणतात हे एम.एस्सी.ला कळलं. प्रयोगशाळेत आम्ही सरळ फ्लुरोसन्स म्हणतो. पण आबांची छत्रीची परीक्षा साडेचारशे वर्षं जुनी आहे, आणि आमच्या विषयाची सुरुवातच तिथून होते, हे कळायला आणखी बरीच वर्षं गेली.

१५६५ साली स्पेनमधल्या सेव्हिलच्या निकोलास मोनार्देस या वैद्याने अमेरिकेतून येणाऱ्या औषधांवर पुस्तक लिहिलं. त्यात मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाची माहिती आहे. लाकडाचे तुकडे पाण्यात भिजत घालायचे आणि ते पाणी मूत्रपिंडाच्या विकारांवर प्यायचं. पाणी निळसर दिसतं. मोनार्देस ग्राहकाला बजावतो की पाण्याला निळी झाक आली तरच लाकूड अस्सल समजा, कारण हल्ली पाणी नुसतं पिवळं करणारं दुसरंच लाकूड त्या नावाने येतंय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसून राहिले. सेव्हिलच्या वैद्याची आणि संगमेश्वरच्या माझ्या आजोबांची परीक्षा एकच होती.

त्या लाकडाने नंतर युरोपातल्या मोठमोठ्या डोक्यांना वेड लावलं. रोममधल्या आथानासियुस किर्खरने १६४६ च्या आपल्या ग्रंथात अशा लाकडाच्या पेल्याचं वर्णन केलं. रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये त्याहून पुढची गोष्ट केली. त्या पाण्यात त्याने आम्ल घातलं तर निळाई गेली, अल्क घातल्यावर ती परत आली. पाण्याला चव होती, रंग होता, औषध म्हणून नाव होतं. बॉइलने त्यातली फक्त चमक वेगळी काढली आणि तिला प्रश्न विचारला. माझ्या लेखी आमच्या शास्त्राचा पहिला प्रयोग हाच.

गंमत पुढे आहे. मोनार्देसचं लाकूड एका मेक्सिकन झुडपाचं आणि त्या झुडपाचं खोड बारीक. त्यातून पेला कातणार कसा? १९१५ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सॅफर्ड याने हा गुंता सोडवला. एकाच नावाखाली दोन लाकडं विकली जात होती. तुकडे मेक्सिकोच्या झाडाचे आणि पेले फिलिपिन्समधल्या ‘टेरोकार्पस इंडिकस’चे. आपला बिबळा म्हणजे ‘टेरोकार्पस मार्सुपियम’. एकाच कुळीतले चुलतभाऊ. आपल्याकडे आयुर्वेदात बिबळ्याला असन, बीजक म्हणतात, हिंदीत विजयसार. भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशात त्याच्या लाकडाची ओळख सांगताना पाण्यात भिजवल्यावर पिवळट द्रावण आणि निळी चमक हीच खूण दिलेली आहे. आबांनी औषधकोश कधी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

चमकेला नाव मिळालं ते एका औषधामुळेच. मलेरियाचं क्विनीन. १८४५ मध्ये जॉन हर्शेलने पाहिलं की क्विनीन सल्फेटचं पाण्यासारखं नितळ द्रावण उन्हात ठेवलं की वरच्या थराला सुरेख निळा रंग येतो. केंब्रिजच्या जॉर्ज गेब्रियल स्टोक्सने १८५२ मध्ये तेच द्रावण परीक्षानळीत घेतलं. लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि नळी त्यातून हळूहळू सरकवत नेली. तांबड्यात काही नाही, पिवळ्यात नाही, हिरव्यात नाही. जांभळ्याच्या टोकाला आणि त्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना नुसता अंधार दिसतो तिथे, नळी निळी पेटली. डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश द्रावण पीत होतं, थोडी ऊर्जा अंगात जिरवत होतं आणि उरलेली दिसणाऱ्या रंगात परत करत होतं. फ्लुअरस्पार नावाचं खनिज असंच वागतं, म्हणून एका तळटीपेत स्टोक्सने ‘फ्लुरोसन्स’ हा शब्द सुचवला. १८६४ मध्ये त्यानेच या गुणाचा उपयोग सेंद्रिय पदार्थ ओळखायला कसा होईल, यावर व्याख्यान दिलं. पुन्हा तेच काम, अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती ते ठरवण्याचं.

यानंतर गोष्ट रंगवाल्यांच्या हातात गेली. १८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायर याने फ्लुरोसिन बनवलं, पाण्यात गर्द हिरवं चमकणारं. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदी जिथे जमिनीत मुरते तिथे १० किलो फ्लुरोसिन ओतण्यात आलं आणि सुमारे ६० तासांनी आखच्या झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं. नदीच्या पोटातली वाट रंगाने दाखवली. रक्तात सोडलेला रंग शरीरातली वाट दाखवील, हा विचार त्यापासून फार लांब नव्हता.

माटुंग्याला शिकताना हा रंगांचा धंदा मी जवळून पाहिला. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला तो गिरण्यांच्या शहरातच. १९३८ पासून तिथले संचालक होते के. वेंकटरामन, जे १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ जगभरच्या रंगवाल्यांच्या टेबलावर असे. आम्हाला शिकवणारे त्या परंपरेतले होते. प्रतिदीप्तीचं पहिलं उदाहरण त्यांनी आम्हाला दिलं ते टिनोपालचं. आईने धोतरं-चादरी शेवटच्या पाण्यात बुडवताना चिमूटभर घातलेली ती भुकटी. नीळ पिवळेपणा झाकते, टिनोपाल उन्हातला अतिनील प्रकाश घेऊन निळा परत करतं, म्हणून कापड शुभ्र दिसतं. त्या रेणूचा सांगाडा स्टिल्बीनचा. मधे कार्बनचा दुहेरी बंध, दोन्ही बाजूंना एकेक बेंझिनचं कडं. हा सांगाडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता म्युनिक, १८९७-९८ चा हिवाळा. ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी प्राध्यापक हेरमान फॉन टापायनर यांच्याकडे ॲक्रिडिन हा रंग पॅरामेशियम या एकपेशीय जिवांना किती विषारी आहे ते मोजत होता. आकडे जुळेनात. तेवढ्याच रंगात जीव एक दिवस लवकर मरत, एक दिवस कितीतरी तास जगत. माझ्या हाताखालच्या मुलांचे आकडे असे आले असते तर मी म्हटलं असतं, पिपेट नीट धर. राबच्या ध्यानात आलं की ज्या दिवशी जीव जास्त जगले त्या दिवशी बाहेर वादळ होतं, आभाळ अंधारलेलं. त्याने तपासलं. नुसता रंग मारत नव्हता, नुसता प्रकाशही मारत नव्हता. दोन्ही एकत्र आले की मारत होते. १९०३ मध्ये टापायनर आणि येसिओनेक यांनी त्वचेच्या कर्करोगावर इओसिन लावून प्रकाश दिला. आज ज्याला फोटोडायनॅमिक उपचार म्हणतात त्याची ही सुरुवात. चमकणारा रेणू नुसतं दाखवत नाही, वेळ आली तर मारतोही, हे तेव्हा कळलं.

दाखवण्याचं काम सर्जनच्या हाती आलं ते १९४७-४८ मध्ये. मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज मूर यांनी रुग्णांच्या शिरेतून फ्लुरोसिन दिलं आणि मेंदूतल्या गाठी अतिनील प्रकाशात शोधल्या. गाठीजवळच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथे रंग झिरपतो. पुढची पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. शस्त्रक्रियेच्या सुमारे तीन तास आधी रुग्ण पेलाभर पाणी पितो. त्यात ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल विरघळवलेलं असतं. हे आम्ल परकं नाही, रक्तातलं हीम घडवताना आपलं शरीर रोज ते बनवतं. ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीच्या पेशींत मात्र ते काम अर्ध्यावर तुंबतं आणि चमकणारं प्रोटोपॉर्फिरिन साचतं. सर्जन सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलून निळसर जांभळा करतो. भोवतालचा मेंदू निळा राहतो आणि गाठीची कड लाल-गुलाबी चमकते. मी हे पडद्यावर पाहिलं तेव्हा आधी पांढऱ्या प्रकाशात तीच जागा दाखवली होती. मला गाठ आणि मेंदू यांत काहीच फरक करता आला नव्हता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत या पद्धतीने ६५ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण काढता आली, नेहमीच्या प्रकाशात ३६ टक्के. सहा महिन्यांनी रोग न वाढलेले रुग्ण ४१ टक्के, दुसऱ्या गटात २१.

आणि आता माझं स्वतःचं काम. १९८६ मध्ये जपानच्या कुमामोतो इथल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू बाहेर पडतात आणि तिथेच अडकून राहतात. म्हणजे औषध योग्य मापाच्या कणात भरलं तर ते गाठीत साचेल. १९९५ मध्ये डॉक्सोरुबिसिन चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून केलेल्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली, कण साधारण १०० नॅनोमीटरचे. डॉक्सोरुबिसिन म्हणजे सलाइनमधून जाताना लालभडक दिसणारं कॅन्सरवरचं औषध. ते स्वतःच नारिंगी चमकतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते पेशीच्या केंद्रकात शिरताना दिसतं, वेगळा रंग लावावा लागत नाही.

बाकीच्या औषधांबरोबर चमकणारा रंग भरावा लागतो, आणि तिथे माझी दोन वर्षं गेली. कण उजळ व्हावा म्हणून मी रंग वाढवत गेले आणि कण मंद होत गेला. दाटीवाटीत हे सपाट रेणू एकमेकांवर पत्त्यांसारखे बसतात आणि घेतलेली ऊर्जा चमकेऐवजी उष्णतेत घालवतात. रोज संध्याकाळी अतिनील दिव्याच्या पेटीत कुप्या ठेवायच्या, काचेला डोळा लावायचा आणि सर्वांत जास्त रंगाची कुपी सर्वांत काळवंडलेली बघायची. फार निराश व्हायचे.

याचं उत्तर हाँगकाँगमध्ये बेन झोंग टांग यांच्या प्रयोगशाळेत सापडलं होतं. सिलोल जातीच्या एका रेणूचा ठिपका रेणू वेगळे करून बघायच्या टीएलसी पट्टीवर ओला असताना चमकेना, वाळल्यावर झळकू लागला. असं निरीक्षण पट्टी बिघडली म्हणून सहज कचऱ्यात गेलं असतं. त्यांनी २००१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. या रेणूंची कडी पंख्याच्या पात्यांसारखी सुटी असतात. एकटं असताना ती फिरत राहतात आणि ऊर्जा फिरण्यात जाते. गर्दीत फिरायला जागा उरत नाही, म्हणून ते चमकतात. या कामातला आमचा रोजचा रेणू म्हणजे टेट्राफिनाइलइथिलीन. आईच्या टिनोपालमधला स्टिल्बीनचा सांगाडा घ्या, मधल्या बंधावर आणखी दोन कडी बसवा, झाला. मी त्याचा पहिला कण बनवला तेव्हा कुपी जितकी दाट तितकी उजळ निघाली. पेटीला डोळा लावून मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही.

पण चमक दिसली म्हणजे औषध पोचलं असं होत नाही. २०१६ मध्ये टोरंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले ११७ शोधनिबंध तपासले. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा गाळून घेतात. आमच्या क्षेत्रात तो आकडा अनेकांना झोंबला. मला तो आकडा मोलाचा वाटतो. उंदराच्या यकृतातली चमक गाठीतल्या चमकेपेक्षा जास्त असेल तर ते छापायला हवं, कारण हा कण उद्या कुणाच्या तरी शिरेतून जाणार आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना यकृताचा फोटो गाठीच्या फोटोशेजारी, त्याच मापावर लावायला सांगते. चमक आहे ती खरं-खोटं कळावं म्हणून.

गेल्या वर्षी वर्गात दाखवायला मला बिबळ्याचा पेला हवा होता. आबांचा कधीच चिरून गेला होता. एका प्रदर्शनातून एक घेतला. पॉलिश छान होतं, वर मधुमेहावरचे फायदे छापलेली चिठ्ठी. रात्रभर पाणी भरून ठेवलं. सकाळी पाणी पिवळं. काचेत ओतून उन्हात, मागे काळा कागद धरला. नुसतं पिवळं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग देवरुखकडच्या एका सुताराकडून कातून आणला. ओबडधोबड, आतून नीट घासलेलाही नाही. पाणी भरून ओट्यावर ठेवला आणि सकाळी गिलास खिडकीत नेला. काळा कागद सापडेना, म्हणून दाराआडची छत्री काढून उघडली. कडेने निळं होतं.