पेंग्विन कोणी काढला?

लिनक्सचा पेंग्विन टक्स तुम्ही पाहिलाच असेल. १९९६ मध्ये लॅरी ईविंग यांनी तो गिम्पमध्ये काढला. अट एका वाक्याची: चित्र वापरा, बदला, कुणी विचारलंच तर माझं आणि गिम्पचं नाव सांगा. (हे ‘कुणी विचारलंच तर’ मला फार आवडतं.) क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने त्यानंतर सहा वर्षांनी, २००२ मध्ये आले.

श्रेयाची सोय झाली, बदलांच्या नोंदीची नाही. टक्सचे असंख्य अवतार निघाले. कोणता कशावरून काढला, हे शोधणं अवघड. याउलट २००९ मध्ये लिनक्स कर्नल २.६.२९ मध्ये टक्सच्या जागी टझ आला, म्हणजे खोटी चोच लावलेला टास्मानियन डेव्हिल. या प्राण्यांमध्ये पसरलेल्या कर्करोगाकडे लक्ष वेधायचं होतं. कर्नलचा कोड तोवर गिटमध्ये होता, त्यामुळे हा बदल कुणी, कधी, कशासाठी केला हे आजही वाचता येतं.

माझ्या थीसिसमधली पेशीची आकृती मात्र ‘फायनल-नवीन-२’ या फाइलमध्ये सापडली. मूळ चित्र खुल्या परवान्याचं होतं, एवढंच आठवत होतं. चित्रकाराचं नाव नाही, मी काय बदललं तेही नाही. दोन दिवस शोधलं, मग आकृती कोऱ्या कागदावरून पुन्हा काढली.