दहशतवादाच्या यादीत चुंडूर का नाही?

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००८ साली दहशतवादावर अहवाल दिला. त्यात दहशतवादाचे प्रकार पाडले आहेत: वांशिक-राष्ट्रवादी, धार्मिक, डावा, उजवा, राज्यपुरस्कृत, अमली पदार्थांच्या पैशावर चालणारा. स्पर्धा परीक्षेला बसणारी आपली पोरे हेच प्रकार पाठ करतात. त्यात जातीय दहशतवाद नाही. का नाही, हा आमचा प्रश्न आहे.

टाडा कायद्याचे कलम ३ काय म्हणत होते? लोकांमध्ये किंवा लोकांच्या एखाद्या वर्गात दहशत पसरवण्याच्या हेतूने प्राणघातक शस्त्रे वापरून केलेली हत्या म्हणजे दहशतवादी कृत्य. आता आंध्रातल्या तेव्हाच्या गुंटूर जिल्ह्यातले चुंडूर पाहा. ६ ऑगस्ट १९९१. आधी दलितांवर सामाजिक बहिष्कार, मग शेतांतून पाठलाग करून आठ दलितांची हत्या. प्रेते पोत्यांत भरून कालव्यात फेकली. व्याख्येत न बसणारे यात काय आहे? टाडा तेव्हा लागू होता, पण खटला चालला तो दंड संहिता आणि अॅट्रॉसिटी कायद्याखाली. २००७ मध्ये २१ जणांना जन्मठेप झाली आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले.

चुंडूरनंतर सहाच महिन्यांनी बिहारमधील बारा गावात नक्षलवाद्यांनी तीसहून अधिक भूमिहारांना मारले. तेही हत्याकांडच, त्याचे समर्थन आम्ही करत नाही. पण तिथे टाडा लागला. ज्या चौघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कायम केली, त्यांत दलित होते. एका न्यायमूर्तींनी फाशीच्या विरोधात मत नोंदवले होते. राष्ट्रपतींनी ती शिक्षा जन्मठेपेवर आणली २०१७ मध्ये!

म्हणजे प्रकार ठरतो तो मारणाऱ्याच्या हातातला झेंडा पाहून. राज्याला आव्हान दिले तर दहशतवाद, गावची उतरंड राखली तर 'दोन गटांतला वाद'.

काही कार्यकर्ते म्हणतात, मग अत्याचार करणाऱ्यांनाही यूएपीए लावा. आम्हाला हे पटत नाही. टाडाने पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा मानला. असले हत्यार शेवटी कोणाच्या मानेवर पडते, ते बारा प्रकरणात दिसले आहे. बाबासाहेबांची वाट वेगळी होती. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी बहिष्कार हाच शिक्षापात्र गुन्हा ठरवा अशी मागणी केली. दहशतीची सुरुवात कुऱ्हाडीच्या आधी, मजुरी आणि पाणी तोडण्यापासून होते, हे त्यांनी ओळखले होते.

चुंडूरच्या लोकांनीही कडक कायदा मागितला नाही. त्यांनी न्यायालय गावात आणा म्हटले, आणि विशेष न्यायालय खरोखरच चुंडूरमध्ये बसले. जिथे बहिष्कार झाला, त्याच गावात त्यांनी साक्षी दिल्या.