समुद्राची खूण

इ. स. १६५१ मध्ये इटलीतील जेझुइट खगोलवेत्ते रिच्चोली यांनी चंद्राच्या नकाशातील काळसर प्रदेशांना समुद्रांची नावे दिली. नावे टिकली, पाणी तेथे नव्हतेच. हे त्याच शतकात क्रिस्तिआन हायगेन्स यांनी ओळखले. त्या ‘समुद्रां’त त्यांना दुर्बिणीतून खळगे दिसत, आणि पाण्यावर खळगे टिकत नाहीत.

मग दुरून समुद्र ओळखावा कसा? या प्रश्नाची मोठी परीक्षा झाली ती पृथ्वीवरच. गुरूकडे निघालेले ‘गॅलिलिओ’ यान वेग मिळवण्यासाठी ८ डिसेंबर १९९० रोजी पृथ्वीपासून सुमारे ९६० किलोमीटरवरून गेले. या ग्रहाविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, असे मानून कार्ल सेगन व सहकाऱ्यांनी यानाच्या नोंदी वाचल्या. छायाचित्रांत जमिनीवर कोठेही नसलेली एक झळाळी समुद्रावर होती: आरशावरून यावे तसे सूर्याचे परावर्तन. पृष्ठभाग इतका गुळगुळीत, म्हणजे द्रवच. १९९३ मध्ये ‘नेचर’ने हा शोधनिबंध छापला. पुढे २००९ साली ‘कॅसिनी’ला तशीच झळाळी शनीच्या टायटन या उपग्रहावर दिसली, पण तेथील समुद्र मिथेन-इथेनचे. झळाळी द्रवाची साक्ष देते, पाण्याची नव्हे.

सूर्यमालेबाहेरचा ग्रह तर फार तर एक प्रकाशबिंदू. त्याची कोर उरली असता, समुद्र असल्यास ती अपेक्षेहून उजळ दिसावी, असे गणित सांगते. पृथ्वीसारख्या ग्रहावर ते पडताळणारी दुर्बीण अजून नाही. २०२३ मध्ये के२-१८बी या ग्रहावरील महासागराची चर्चा रंगली, तेव्हा वेब दुर्बिणीला आढळले होते ते वातावरणातील कार्बनयुक्त वायू. समुद्र हा त्यांवरून केलेला तर्क होता, आणि तो अनेक संशोधकांना मान्य नाही.